सहाशे वेढ्यांनंतरची गाठ

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हाही ही एवढी वगळून बाकीचं सांगते. तसं पाहिलं तर काही मोठं नाही, असं तीस वर्षं स्वतःला समजावत आले — कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही, चोरी नाही, लबाडी… नाही, लबाडी आहे. तिथेच तर घोडं अडतं. आज बोलायला बसलेच आहे तर जपून बोलणार नाही. पण एकदम सांगताही येणार नाही. जरा वळसे घेत येते, चालेल ना?

आधी माणूस सांगते, मग गुन्हा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण साठी गाठली, आता नाव घेतलं तर आभाळ कोसळायचं नाही. रघुनाथ. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. लग्न झालं आणि मी थेट सुरतेला आले, उधना भागातल्या एका खोलीत. रघुनाथ कापडाच्या कारखान्यात वायरमन. शंभरेक माग एका छपराखाली खडखडत असायचे. तिथे दहा वर्षं काढलेला माणूस घरी आला तरी ओरडूनच बोलतो, नाहीतर मुळीच बोलत नाही. आमचे मुळीच न बोलणाऱ्यांतले. जेवले, झोपले, उठले, गेले. वाईट नव्हते हो. उलट पगाराच्या दिवशी न विसरता माझ्यासाठी घारी, ती सुरतेची तुपातली मिठाई, आणायचे. पण बोलायला शब्द म्हणून नव्हते.

मी त्याच कारखान्यात बॉबीन भरायची — धोट्यात बसते ना ती नळी, तिच्यावर धागा गुंडाळायचं काम. माझ्या बॉबिनीचा धागा मागावर तुटत नाही असा माझा लौकिक होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. भरताना धागा तुटतोच, कुणाचाही तुटतो. तुटला की दोन टोकं चिमटीत धरायची, गाठ मारायची, शेपटं कातरायची आणि चाक पुढे फिरवायचं. माझी गाठ इतकी बारीक, की मागाच्या फणीतून गेलेली फणीलाही कळायची नाही. आमच्या धंद्यात गाठ म्हणजे चूक नव्हे, गाठ म्हणजे दुरुस्ती. हे लक्षात ठेवा. सबब म्हणून नाही, नुसतंच ठेवा.

सुरतेत प्लेग आला त्या साली, चौऱ्याण्णवला, सगळे पळाले तसे आम्हीही गावी पळालो आणि दोन महिन्यांनी परत आलो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. रघुनाथ एका कॉलेजात पंखे दुरुस्त करायला गेले होते. तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांना एक मोडकी कॉईल दिसली. टेस्ला कॉईल म्हणतात तिला — खाली जाड तारेची दोनचार वेटोळी, मध्ये उभा पाइप, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजार वेढे, आणि वरच्या टोकातून हवेत वीज सुटते. खरोखरची, जांभळी, फांद्या फुटलेली. रघुनाथ तिथल्या सरांना म्हणाले, मी अशी बनवून देतो. वायरमनच्या तोंडी हे ऐकून सर हसले असतील. पण माणूस भला होता. प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा भरायची होती. म्हणाले, "रघुभाई, एक हाथ जेटलो तणखो बतावो, पछी हुं साहेबने वात करुं." म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढी लांब ठिणगी दाखवायची, मग ते साहेबांशी बोलणार. दाखवली, तर कायमची नोकरी. दिवसाची पाळी, पांढरा कोट, आणि मुख्य म्हणजे आवाज नाही. मागांच्या खडखडाटानं तेव्हाच ह्यांचा डावा कान अधू व्हायला लागला होता. कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, इथून निघा, नाहीतर दुसराही जाईल.

म्हणजे पणाला काय लागलं होतं, ते कळलं ना? ते मलाही कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर हे सगळं असं आहे.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत जे काही चाललं, त्याला शेजारी "रघुभाईनी फॅक्टरी" म्हणायचे. कापड मार्केटातल्या एका दुकानानं काढून टाकलेल्या निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर आला. काचेच्या बाटल्या आल्या — गुजरातेत दारूबंदी, पण भंगारवाल्याकडे रिकाम्या बाटल्या हव्या तेवढ्या, कशा ते मला विचारू नका. त्यांत मिठाचं पाणी भरून बाहेरून चंदेरी कागद गुंडाळला, की वीज साठवायला झालंच काम. माझ्या दोन ॲल्युमिनियमच्या ताटल्या उपड्या-उताण्या जोडून वरचा मुकुट झाला. मी कटकट केली, पण ताटल्या दिल्या. आणि सगळं जमल्यावर रघुनाथ माझ्यापुढे एक हातभर पाइप आणि तारेचं रीळ घेऊन उभे राहिले. म्हणाले, हे काम सुरतेत एकाच माणसाच्या हातचं आहे.

दहा वर्षांच्या संसारात मला ह्या माणसानं असं कधी म्हटलं नव्हतं.

पाइप आडवा बसवून त्याला हँडल लावलं होतं. मी फिरवायचं आणि तार लावत जायची, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक चढू न देता. मोजायला मी चिंचोके घेतले. पन्नास वेढ्यांना एक. रघुनाथांनी बजावलं होतं — तार एकच हवी, अखंड. तुटली तर हात लावू नको, मला हाक मार. मग ते वार्निश आणायला गेले. बारा चिंचोके झाले होते. बाहेर भाजीवाली आली, आमची मुलगी दारातून ओरडली, मी मान वळवली, आणि तारेला हिसका बसला.

तुटली.

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? विचारसुद्धा केला नाही हो. हातांनी केलं. ब्लेडनं टोकं खरवडली — ह्यांना तसं करताना पाहिलं होतं — आणि गाठ मारली. धाग्याला मारते तशीच. शेपटं कातरली, नखानं दाबून बसवली, आणि चाक पुढे फिरवलं. तांब्याची तार म्हणजे धागा नव्हे, हे कुणी सांगायला हवं होतं का मला? कदाचित नाही. पण त्या घटकेपर्यंत तरी मी गुन्हा केला नव्हता, एवढं मला म्हणू द्या. चूक केली होती. चूक सांगता येते.

हे परत आले. पाइपवर लालसर वार्निश चढलं, वाळलं, गाठ त्याच्याखाली गेली. दोन टोकांना दिवा जोडून पाहिला, तो मिणमिणता लागला. रघुनाथांनी शेजारच्या दोन-तीन घरांतून माणसं बोलावून आणली. लहान बाळ दाखवावं तसा पाइप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "देखा? हजार वेढा. एक बी जोड नही!" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पदर सावरला. तेव्हा एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं? थोडं हसं झालं असतं. दुपारभर पुन्हा गुंडाळावं लागलं असतं. बस्स. एवढंच होतं त्याचं मोल, आणि मला ते जड गेलं.

पहिल्यांदा कॉईल चालू केली तेव्हा सुईएवढी ठिणगी निघाली. मग सुरू झाला शोध.

त्या शोधाचं मी काय सांगू तुम्हाला! माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो. आता म्हणाल, बाई अशी कशी? पण ऐका. दर सुट्टीच्या दिवशी खिडकीला गोधडी लावून भरदुपारी खोलीत अंधार करायचा. मी पाटावर बसायची, हातात मुलीची शाळेतली फूटपट्टी. रघुनाथ खटका दाबायचे आणि मी ठिणगी मापायची. लांबून हो, ह्यांनी मला हात लावू दिला नाही कधी. ह्यांनी मला नाव पाडलं होतं "हेल्पर साहेब." हेल्पर साहेब, किती? तीन बोटं. हेल्पर साहेब, आता? तीनच. खाली ज्यांच्यामध्ये ठिणगी उडायची त्या दोन पितळी बोल्टांमधली फट कमी केली, जास्त केली. बोल्ट तापतात म्हणून त्यांच्यावर घरातला पंखा फिरवला आणि आम्ही घामानं निथळलो. बाटल्या सहाच्या आठ केल्या, आठाच्या दहा. एक फुटली, तिचं मिठाचं पाणी माझ्या तांदळात गेलं. खालच्या जाड वेटोळ्यावरचा चिमटा एकेक वळसा सरकवून पाहिला. अंगणात अर्थिंगचा गज ठोकला होता, त्याच्या मुळाशी मी तुळशीला घालावं तसं रोज सकाळी पाणी घालायची. गज आणखी खोल गेला, त्यात कोळसा पडला, मीठ पडलं. तीन बोटांची चार बोटं झाली. त्या दिवशी आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

आणि रघुनाथ बोलायचे! ज्या माणसाला शब्द नव्हते तो माणूस मला वीज समजावून सांगायचा. झोके कसे जुळवायचे — योग्य वेळी धक्का दिला तर झोका वर वर जातो, तसं खालच्या तारेनं वरच्या तारेला ढकलायचं. मला सगळं कळायचं नाही. पण मी तोंडाकडे पाहत राहायची. लग्नाच्या आधी ज्याला नीट पाहिलंही नव्हतं, त्या नवऱ्याच्या मी तेव्हा प्रेमात पडले, मुलगी आठ वर्षांची झाल्यावर. लाज कसली त्यात.

असंच एकदा त्यांनी कागदावर यादी केली. वीज कुठे कुठे गळू शकते त्याची. बोल्ट, बाटल्या, चिमटा, अर्थिंग, ताटल्या, हवेतली ओल. सगळ्यात वर लिहिलं होतं, वरची गुंडाळी. मी विचारलं, तिच्यात काय बिघडू शकतं? ते म्हणाले, एका ठिकाणी जरी तार उघडी पडली आणि शेजारच्या वेढ्याला टेकली, तरी सगळी ताकद तिथेच खाल्ली जाते, वर काही पोचत नाही. बाकी सगळं कितीही सुधारा, चार बोटांच्या पुढे जाणार नाही. मग माझ्याकडे पाहून हसले आणि पेन्सिलीनं यादीतली तीच पहिली ओळ खोडली. ते तुझं काम आहे, म्हणाले, तिथे बघायची गरज नाही.

आता कळलं? मला कळलं होतं. त्या क्षणी लख्ख कळलं. ब्लेडनं खरवडलेली टोकं, कातरलेली शेपटं, नखानं दाबलेली गाठ.  पण मी उठून चहा ठेवला.

का बोलले नाही? मी ह्याची उत्तरं खूप गोळा केली आहेत. लाज वाटली, हे एक. यादीतून खोडलेली ओळ परत लिहायला लावायची माझी छाती झाली नाही, हे दुसरं. पण खरं उत्तर निराळं आहे आणि ते मी आजवर मनातल्या मनातही पुरतं म्हटलेलं नाही. कॉईल चालली की हे कॉलेजात जातील. पांढरा कोट घालतील, शिकलेल्या माणसांत बसतील, आणि खिडकीवरची गोधडी खाली उतरेल. मी पुन्हा बॉबिनीवर, आणि घरात पुन्हा मुकाट जेवण. मला ती चार बोटं हवी होती. आणखी एक सुट्टी, मग सांगू. आणखी एक. असं करत पावसाळा गेला, नवरात्र गेलं.

मग एका दुपारी अंधारात रघुनाथ म्हणाले, थांब. पाइपच्या कमरेपाशी ठिणग्यांचे निळसर केस फुटले होते. बारीक, थरथरते. नेमके कुठे, ते मला मोजायची गरज नव्हती. त्यांनी वीज बंद केली, गोधडी सारली, आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. बोट अडलं. पुन्हा फिरवलं. मग अगदी हळू, खोकल्याच्या औषधाचा चमचा विचारावा तसं विचारलं, "मंगल, तार कोठे तुटेल व्हती का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी "हात्तिच्या" म्हटलं असतं आणि नवी तार आणली असती. मला हे माहीत होतं. माहीत होतं.

"नही," मी म्हटलं. "वार्निशना थेंब व्हई तो."

त्यांनी मान हलवली. एकदाही उलटून विचारलं नाही. मग म्हणाले, पाइपला आतून ओल धरली असेल, आणि पाइप घेऊन तीन दिवस गच्चीवर उन्हात वाळवत बसले. जेवण मी वरच नेऊन दिलं. डोक्यावर रुमाल बांधून बसलेल्या त्या माणसाला मी भाकरी वाढली आणि तो मला म्हणाला, "तुले बी कितला तरास."

थंडी पडल्यावर कॉलेजात बोलावणं आलं. आम्ही रिक्षात कॉईल मांडीवर घेऊन गेलो. मी लग्नातली साडी नेसले होते. सर होते, मोठे साहेब होते, पाचसात मुलं होती. रघुनाथांनी खटका दाबला. चार बोटं. चिमटा सरकवला. चार बोटं. फट बदलली, पुन्हा पुन्हा खटका दाबला, त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता आणि मी कोपऱ्यात फूटपट्टी नसलेले हात घेऊन उभी होते. अजूनही सांगता आलं असतं. पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, साहेब, गुंडाळी माझी चुकली आहे, आठ दिवस द्या. साहेब घड्याळाकडे बघेपर्यंत मला वेळ होता. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले. सरांनी खांद्यावर हात ठेवून प्रयत्न चांगला आहे असं म्हटलं. रघुनाथ म्हणाले, गणित माझं चुकलं, सर.

येताना रिक्षात ते कारखान्यातलं काहीतरी मजेशीर सांगत होते, मला बरं वाटावं म्हणून.

कॉईल माळ्यावर गेली. काही दिवसांनी ते म्हणाले, एकदा सगळी खोलून बघतो, कुठे चुकलं ते तरी कळेल. दुसऱ्या दिवशी ते पाळीवर असताना मी पाइप खाली काढला, तार उलगडली, गाठ आली तिथे दोन्ही बाजूंनी कापली आणि तो तुकडा चुलीच्या राखेत घातला. उरलेली तार पाइपसकट भंगारवाल्याला देऊन टाकली. जागा अडत होती, असं सांगितलं. ते माळ्याकडे बघत म्हणाले, बरं केलं. चूक लपवायला मी पुन्हा हात चालवले, आणि ह्या वेळी विचार करून चालवले.

त्यानंतर रघुनाथांनी नवं असं काही बनवलं नाही. दुरुस्त्या केल्या, पुष्कळ केल्या, पण आपल्या मनातलं काही मांडलं नाही. कुणी म्हटलंच तर हसून म्हणायचे, "मन्हा हातमा यश नही, भाऊ." कारखान्यात आणखी बावीस वर्षं काढली. डावा कान गेलाच, उजव्यातून आता थोडंफार ऐकू येतं. पण एक गोष्ट झाली नाही. ते पुन्हा मुके झाले नाहीत. माझ्याशी बोलतात, भरपूर बोलतात, अजूनही कुठल्याही कामाला "हेल्पर साहेब" म्हणून हाक मारतात. ज्याच्या भीतीनं मी सगळं केलं, ते कधी होणारच नव्हतं.

मागच्या महिन्यात मुलगी आणि जावई आले होते. जावई पुण्याला इंजिनियर आहेत. रविवारी दुपारी भरीत-भाकरी चालली होती आणि कशावरून तरी कॉईलचा विषय निघाला. रघुनाथ खुलले. बाटल्या, बोल्ट, गज, गच्चीवरचं ऊन, सगळं सांगून झालं. जावयांनी विचारलं, वरची गुंडाळी उकलून तपासली होती का? ह्यांना ऐकू गेलं नाही. जावयांनी कानाशी वाकून मोठ्यानं पुन्हा विचारलं.

रघुनाथ हसले. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तिथे चूक असूच शकत नाही," ते म्हणाले. "ती हिने गुंडाळलेली."

जावयांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी त्यांच्या ताटात भरीत वाढलं.